लापशीचं दांडकं

ग्रिझेलनं कडी न वाजवताच सुनेचं दार ढकललं. हातात सहा अंडी होती, पण अंडी नुसतं निमित्त. तिला सुनेची लापशी बघायची होती.

रविवारी चर्चबाहेर तिचा मुलगा टॉर्किल चारचौघांत म्हणाला होता, "आमच्या घरच्या लापशीची सर कशालाच यायची नाही!" आमच्या घरच्या! तीन महिन्यांपूर्वी लग्न होईपर्यंत त्याचं घर म्हणजे ग्रिझेलचं घर होतं. तीस वर्षं तिच्या हातची लापशी खाऊन हा गडी वाढला, पण कधी 'बरी झालीय' म्हणेल तर शपथ. आणि ही ग्लासगोची रोना, जिला गाईचं पुढचं-मागचं कळत नाही, तिचं कौतुक! ग्रिझेलच्या अंगाचा तिळपापड झाला होता. ओटच्या लापशीत पडायचं ते मीठ; ही शहरातली बाई, साखर घालत असणार. साखर! आज पकडायचीच.

रोना टेबलाशी आरामात बसून खात होती. तेच आधी ग्रिझेलच्या डोळ्यांत खुपलं. ती स्वतः जन्मभर चुलीपाशी उभी राहून, सगळ्यांचं झाल्यावर, तळाचं खरवडून खात आली होती.

"या ना आई, बसा!" रोना गडबडीनं उठली.

"बसायला नाही आले." ग्रिझेलनं अंडी ठेवली, सुनेचाच चमचा उचलला, लापशीत बुडवला, मग शेजारच्या वाटीतल्या गार सायीत, आणि तोंडात घातला. साखर नव्हती. ओट रात्रभर भिजलेले, मीठ अगदी शेवटी पडलेलं, गुठळी औषधालाही नाही. हुबेहूब तिची स्वतःची लापशी! तिला रडूच यायचं बाकी राहिलं. मुलगा नेला तो नेला, भवानीनं हातची चवही नेली.

"कुठून शिकलीस गं?"

"मी कुठली शिकतेय?" रोना हसली. "लापशी ढवळायच्या दांडक्याला हात लावू देत नाही टॉर्किल मला. म्हणतो, उजव्या हातानं, उजवीकडेच ढवळायचं, नाहीतर सैतान येऊन बसतो भांड्यात. तुला नाही जमायचं."

सैतानाची भीती ग्रिझेलनंच त्याला घातली होती, तो तिच्या गुडघ्याएवढा असताना.

तेवढ्यात टॉर्किल गोठ्यातून दुधाची बादली घेऊन आत आला. ग्रिझेल त्याच्यावर उसळलीच.

"तीस वर्षांत आईसाठी कधी भांडं चढवलं नाहीस, आणि हिला रोज आयतं वाढतोस होय रे?"

"दहादा आलो होतो चुलीपाशी," बादली खाली ठेवत तो म्हणाला. "तू कधी सोडलंस का दांडकं?"

त्यानं काठोकाठ वाडगा भरला, सायीची वाटी शेजारी ठेवली आणि खुर्ची ओढली. ग्रिझेल बसली. वाडगा निपटून खाल्ला.

"मीठ कमी आहे," ती म्हणाली, आणि रिकामा वाडगा त्याच्यापुढे केला.