तेच पान

"अगं, संपली कादंबरी! दोन दिवसांत!" खांबेटे खुशीत होते. "प्रुफं तपासताना केवढी किचकट वाटली होती मला!"

छापखान्यात चाळीस वर्षं काढलेला माणूस. हल्ली नाकावरचा चष्मा घरभर शोधायचा, पण वाचन सुटलं नव्हतं. सुमतीबाईंना तेवढाच धीर होता.

ते अंघोळीला गेले तसा त्यांनी नवऱ्याचा ई-रीडर सहज उचलला. वाचणाऱ्याची नजर अडखळली की ही यंत्रं तिथला मजकूर गुपचूप सोपा करून देत. पडद्यावर दोनच वाक्यं होती : 'आई आली. बाळ हसलं.'

सुमतीबाईंनी घाईघाईनं स्वतःच्या ई-रीडरवर तेच पान काढलं. ते गच्च भरलेलं होतं, आणि सगळं झरझर कळत होतं. त्यांना हायसं वाटलं.

मग काय मनात आलं कोण जाणे, त्यांनी कपाटातली जुनी छापील प्रत काढली. त्या पानावरचं पहिलंच वाक्य पाच ओळींचं होतं. त्यांनी ते दोनदा वाचलं. अर्थ लागेना, तेव्हा शब्दाशब्दावर बोट ठेवून त्या पुन्हा सुरुवातीपासून पुटपुटायला लागल्या.