पाचवं मत

"गाडी मागे घ्या!" तो ओरडला, आणि मग त्याला दिसलं की बस चालवणारा त्याचा बाप आहे.

कॉलेजच्या फाटकासमोर, भर रस्त्यात, चौघं जण फतकल मारून बसले होते. विद्यार्थी संघटनेची ती अख्खी शाखा, एक सदस्य वजा. चौघांनी कुठे रस्ता अडतो का, असं कुणी म्हणेल. पण हात फैलावून आणि लांबलचक फलक आडवा धरून ते असे बसले होते की रणगाडासुद्धा आधी विचारून पुढे गेला असता. फलकावर लिहिलं होतं, 'बसचालकांचे जादा तास बंद करा!' अक्षर त्या ओरडणाऱ्याचंच. त्याला सगळे मुद्दा म्हणत. "माझा एक मुद्दा आहे" असं म्हणून तो बैठकीत उभा राही, आणि बसेपर्यंत दुसऱ्यांदा आलेला चहाही गार होई.

बापाने खिडकीतून मान काढली. "हे कुणासाठी चाललंय?"

"तुमच्यासाठी, बाबा."

"मग मला जाऊ दे की!"

कंडक्टर दारात उभा होता. "राजे, ही फेरी झाली की तुझ्या वडिलांची सुटी. अडकली, तर सुटीचं नाव नको. जादा तास कुठून येतात ते शोधत होतास ना? हे बघ, हे असे येतात."

बसमध्ये हशा पिकला. बाप हसला नाही. मागे गाड्यांची रांग पार वळणापलीकडे गेली होती. तो खाली उतरला आणि मुलाजवळ उकिडवा बसला.

"आज तुझ्या आईच्या डोळ्याचं ऑपरेशन आहे."

"माहीत आहे."

"तू नेणार होतास. काल म्हणालास, जमत नाही, महत्त्वाचं काम आहे. म्हणून मी ड्यूटी बदलून घेतली. ती पिशवी भरून दारात बसली असेल. दिसत नाही तिला, एकटी पायरीसुद्धा उतरत नाही. आजचा नंबर गेला तर पुन्हा कधी लागेल?"

मुद्द्याचा चेहरा पडला. तो बाकीच्यांकडे वळला. "एवढी एक बस सोडू या."

"असं एकट्याने ठरवत नाही आपण, कॉम्रेड," अध्यक्षा म्हणाली. "मतं घेऊ."

डांबरावर बसल्याबसल्या हात वर झाले. सोडा म्हणणारे दोन, सोडू नका म्हणणारे दोन.

"आज तुझे बाबा," अध्यक्षा म्हणाली, "उद्या कुणाचे काका, परवा कुणाचे मेहुणे. मग अडवायचं कुणाला?"

उरला पाचवा, म्हणजे खजिनदार. खजिना कधी कुणी पाहिला नव्हता, पण खजिनदार होता. त्याला फोन लावला.

"अरे, कधीचा निघालोय!" तो ओरडला. "पाय प्लास्टरमध्ये, रिक्षात बसलोय, आणि पुढे कुणा शहाण्याने रस्ता अडवलाय!"

"आम्हीच अडवलाय."

"मग सोडा ना!"

"त्यासाठीच तुझं मत पाहिजे. सोडू म्हणतोस?"

"सोडा, सोडा, सोडा!"

"फोनवरचं मत बाद," अध्यक्षा म्हणाली. "नियम आहे."

"मग नियम बदलू," मुद्दा म्हणाला.

"त्याला पाचही जण समोर लागतात. तोही नियमच आहे."

"कुणी केले हे नियम?" बापाने विचारलं.

तिघांनीही मुद्द्याकडे पाहिलं. दोन्ही नियम त्याने मांडले होते, आणि घरी जायला मिळावं म्हणून बाकीच्यांनी मंजूर केले होते.

"बरं," बाप म्हणाला. "मग तू ऊठ आणि जा आईकडे. चालत जा. मी बसतो इथे गाडी सांभाळत."

मुद्दा अर्धवट उठला. मग परत बसला.

"मी गेलो तर आपलं एक मत कमी होईल, बाबा. मग बस सुटणारच नाही."

मागून कुणीतरी हॉर्नवर हात ठेवला तो काढलाच नाही. बाप उठला, गाडीत चढला, किल्ली काढून घेऊन आला आणि मुलाच्या मुठीत कोंबली.

"अहो, गाडी टाकून जाताय? नोकरीवरून काढतील!" अध्यक्षा म्हणाली.

"काढू देत. फक्त माझ्यासाठी रस्ता अडवू नका."

अडकलेल्या गाड्यांमधून वाट काढत तो निघाला. आधी भरभर, मग चक्क पळत. आयुष्यभर बसून काम केलेला माणूस पळतो तसा, गुडघ्यांवर विश्वास नसल्यासारखा.

तो दिसेनासा झाला आणि विरुद्ध बाजूने कुबड्या टेकत, उड्या मारत खजिनदार आला. रिक्षावाले त्याला टाळ्या वाजवून वाट देत होते. धाप लागली होती, तरी एक कुबडी सोडून त्याने हात वर केला.

"तीनास दोन," अध्यक्षा म्हणाली. "ठराव मंजूर. बस सोडा."

चौघं उठले. फलक गुंडाळला, रस्ता मोकळा केला. मागच्या गाड्यांनी एका दमात इंजिनं चालू केली.

कुणीच हललं नाही. सगळ्यांच्या पुढे ती बस उभी होती.

"आता कोण अडवतंय रे?" मागच्या गाडीच्या खिडकीतून एक बाई ओरडल्या.

मुद्दा किल्ली घेऊन ड्रायव्हरच्या दाराशी उभा होता. त्याला सायकलपलीकडे काही चालवता येत नव्हतं. आत कंडक्टरने सवयीने दोनदा घंटी दिली.