चौदा पावलं

वन्संना जन्मापासून दिसत नव्हतं, आणि वहिनींचा त्यांच्यावर भारी जीव. वन्संच्या खोलीपासून स्वयंपाकघर चौदा पावलांवर, पण चौथ्या पावलालाच वहिनी आडव्या यायच्या. "वन्सं, तुम्ही बसा, मी आणते ना." बसून बसून वन्संचे गुडघे आखडले, रक्तातली साखर वाढली.

डॉक्टरांनी वहिनींनाच विचारलं, "यांचं चालणं किती होतं?"

"छे हो, मी पाऊलसुद्धा टाकू देत नाही," वहिनी कौतुकाने म्हणाल्या.

"पाय माझे आहेत, डॉक्टर, मला विचारा," वन्सं म्हणाल्या. "ही लग्न होऊन आली त्या दिवशी मी पाणी प्यायला निघाले होते. अजून पोचायचेय."

डॉक्टरांनी हसत चिठ्ठी लिहिली. वहिनींनी ती वाचली. "अहो, नाव माझं पडलंय. साखर यांना आहे."

"गोळ्या त्यांना, पथ्य तुम्हाला. 'तुम्ही बसा' हे तीन महिने बंद."

वन्सं काठी टेकत उठल्या आणि एकट्याच दाराकडे निघाल्या. वाटेत स्टूल होतं. वहिनींच्या ओठांवर आलेले शब्द त्यांनी कसेबसे गिळले.

काठी स्टुलाला लागली. वन्संनी वळसा घातला आणि मागे न वळताच म्हणाल्या, "जड जातंय ना गं? पहिले आठ दिवस असंच होतं. मला चहा बिनसाखरेचा केलास, तेव्हा मीही अशीच गप्प बसले होते."