हार्डडिस्क खराब

बालाघाटच्या त्या शाळेत बारा नवेकोरे संगणक तीन वर्षांपासून गोणपाटाखाली पडून होते. प्रत्येकावर एकच चिठ्ठी डकवलेली होती : 'हार्डडिस्क खराब'. मुली संगणकाचे प्रात्यक्षिक म्हणून वहीत संगणकाच्या पडद्याचे चित्र काढून देत असत.

मलाजखंडच्या खाणीतल्या संगणक विभागातून निवृत्त झालेले मुकुंदराव शाळेच्या मदतीला आले आणि विंडोज बसवायला बसले, तेव्हा त्यांनाही डिस्क दिसली नाही. त्यांनी सोबतच्या पुस्तिकेचे पाकीट हातात घेतले. ते आजवर कोणी फोडलेलेच नव्हते. त्यांना चीड आली. पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे त्यांनी संगणकाला डिस्क ओळखायला लावणारा स्टोरेज कंट्रोलरचा ड्रायव्हर पेनड्राइव्हवरून आधी चढवला, आणि डिस्क लख्ख समोर आली. संध्याकाळपर्यंत बाराही संगणक सुरू झाले.

"काका, म्हंजे पोरी उद्यापासून याच्यावर बसतीन?" संगणक शिकवणाऱ्या श्रुतिका मॅडमचा विश्वासच बसेना.

"हौ, बसू दे की! डिस्क एकही खराब नव्हती."

तेवढ्यात मुख्याध्यापक वीरेंद्रजी आत आले. बारा उजळलेले पडदे पाहून त्यांचा चेहरा उतरला. मॅडमना बाहेर पाठवून त्यांनी दार लोटले आणि आवाज खाली आणला.


"सर, ह्या डिस्का पुन्हा दिसेनाशा करता येतीन का? उद्या सायब हे सारे भंगारात काढाले येऊन राह्यले, अन् नव्यांच्या खरेदीचं तं त्याहिचं-आमचं सारं ठरून गेलं ना!"