घरात माणसं किती

“खाडाखोड, नुसती खाडाखोड. एक फॉर्म सरळ येईल तर शपथ,” खिडकीमागची कारकून बाई स्वतःशीच पुटपुटली. मग चष्मा कपाळावर ढकलून तिनं कॉलेजच्या फी-सवलतीचा फॉर्म उजेडात धरला. “इथे आधी पाच होतं ना?”

‘कुटुंबातील एकूण व्यक्ती’ या चौकटीत आता चार लिहिलेलं होतं. खालून पाच डोकावत होता.

खिडकीसमोर उभ्या मुलीनं वडिलांकडे पाहिलं. पाच तिनंच लिहिला होता, काल जेवणाच्या टेबलाशी, फारसा विचार न करता. घरात धाकट्या भावासकट ताटं पाच घेतात म्हणून. वडिलांनी ते पाहिलं, तिच्या हातातलं पेन घेतलं आणि पाचाचे चार केले. आत्या समोरच मटार सोलत होती. तिनं मान वर केली नव्हती.

“चारच,” वडील म्हणाले. “पोरीची चूक झाली.”

कारकून बाईनं फॉर्म उलटा केला आणि मागच्या तक्त्यावर पट्टी ठेवली. चार माणसांच्या घराला मिळकतीची मर्यादा ही, पाच माणसांच्या घराला ही. वडील लिफ्ट दुरुस्त करायच्या कामावर होते, आणि त्यांचा पगार दोन मजल्यांच्या मधे अडकलेल्या लिफ्टसारखा बरोब्बर त्या दोन ओळींच्या मधे होता. चार माणसं असतील तर मदत काहीच नाही, बाईनं सांगितलं. पाच असती तर निम्मी फी माफ, वसतिगृह फुकट. मुदत आज पाच वाजेपर्यंत. घड्याळात चार वीस झाले होते.

मदत नाही मिळाली तर काय, ते घरात ठरलेलं होतं. म्हणजे बोललं कुणीच नव्हतं. पण कोपऱ्यावरच्या औषधवाल्याला काउंटरवर एक हुशार मुलगी हवी होती, आणि त्याचा नंबर आईनं फ्रिजवर चिकटवून ठेवला होता.

“आणखी कुणी राहतं का घरात?” बाईचा सूर जरा मऊ झाला. “नात्यातलं, तुमच्यावर अवलंबून असलेलं? सहा महिन्यांच्या वर झाले असतील तर धरता येतं.”

“नाही. बहीण आलीय माझी, पण ती पाहुणी आहे.”

“कधी आल्यात?”

वडिलांनी बाहीनं कपाळ पुसलं. “झाले थोडे दिवस.”

थोडे दिवस म्हणजे नऊ वर्षं. आत्या आली तेव्हा मुलीला सातचा पाढा येत नव्हता. तो आत्यानंच करून घेतला, दोनदा कान पिळून. आल्या दिवसापासून तिची निळी बॅग मुलीच्या खोलीत दाराआड उभी होती, भरलेली. दर दोन-तीन महिन्यांनी आत्या सगळे कपडे बाहेर काढी, त्यांना ऊन दाखवी आणि पुन्हा घड्या घालून बॅगेत भरी. कपाटात तिच्यासाठी एक कप्पा रिकामा केला होता, तो रिकामाच राहिला. शेजारणी विचारत, किती दिवस मुक्काम? आई सांगे, आहेत अजून चार दिवस. सगळे त्या बॅगेला वळसा घालून चालत, आणि विषयालाही.

आत्या मागच्या बाकावर बसली होती. आईला सुट्टी मिळाली नाही म्हणून ती सोबत आली होती, मांडीवर पाण्याची बाटली आणि मुलीच्या गुणपत्रिकांची फाइल घेऊन. ती उठून खिडकीशी आली.

“बाळ्या, सरक,” ती म्हणाली. मिशा पिकलेला बाळ्या सरकला.

ती नऊ वर्षांपासून यांच्याकडेच राहते, मिळकत स्वतःची काही नाही, हे तिनं एका दमात सांगून टाकलं. कारकून बाईनं खणातून दुसरा कागद काढला. हे ज्याचं त्यानं सांगायचं, मी भरून घेते, ती म्हणाली. पत्ता, वय, सही. आणि एक रकाना, सोबत राहण्याचं कारण.

“यातलं एक सांगा. विधवा, घटस्फोटित, परित्यक्ता, इतर.” तिसऱ्या शब्दाला तिनं आवाज खाली घेतला. वर्षानुवर्षं ही यादी वाचत आल्यामुळे कुठल्या शब्दाला समोरचं माणूस फरशीकडे बघतं, हे तिला पाठ होतं.

वडील फरशीकडेच बघत होते. “ताई, राहू दे. मी ओव्हरटाइम करीन. बघू काहीतरी.”

“नऊ वर्षं बघतोच आहेस.” आत्या कारकून बाईकडे वळली. “इतर लिहा.”

“इतरच्या पुढे काय ते लिहावं लागतं.”

मुलीला वाटलं, आपण बाहेर जाऊन उभं राहावं. पण आत्यानं फाइल तिच्या हातात दिली होती, त्यामुळे ती जागची हलली नाही.

“मग लिहा,” आत्या म्हणाली. “मला न्यायला कुणी आलं नाही. आणि आता आलं तरी मी जाणार नाही.”

बाईचं पेन कागदावर थांबलं. “एवढं या रकान्यात मावायचं नाही हो.”

“बारीक अक्षरात लिहा.” आत्यानं सही करायला हात पुढे केला आणि मुलीकडे न बघताच म्हणाली, “आणि तू घरी गेल्यावर मला तो कपाटातला कप्पा पुसून दे. बॅग तुला लागेल वसतिगृहात.”