वाढत्या अंगाची

"सायकलची फ्रेम दोन हजार युरोंची, तीही वाढत्या अंगाच्या पोरीला? वेड लागलंय का तुला, फेदेरिका?" विचेंझा गाव येईपर्यंत गाडीत तित्सियानोचं हेच चाललं होतं. "वर्षभरात आखूड पडेल. मग काय, भिंतीला टांगायची?"

मी आरशात पाहिलं. मागच्या सीटवर नोएमी कान देऊन बसली होती. ती बारा वर्षांची, पण सायकल क्लबातल्या तिच्या वयाच्या मुलींच्या सायकलींवर तिचे पाय पोचत नव्हते, आणि लहानांची सायकल घेतली की पोरं हसत होती.

फ्रेम बांधणाऱ्या लोरेदानाबाईंनी नोएमीला भिंतीशी उभं केलं. टेप उघडली आणि तशीच मिटली.

"आधीच सांगते, वाढत्या मुलांच्या फ्रेमा मी बांधत नाही. लोकांचे पैसे फुकट जातात. आणि हिचा बाप बघा केवढा ताडमाड. दोन वर्षांत ही मला वरून टपली मारेल."

नोएमी हसली नाही. मी तित्सियानोकडे बघितलं, मग चटकन जमिनीकडे. बाई म्हणत होत्या ते त्याच्याच मनासारखं होतं. आता तो मला 'ऐकलंस?' म्हणणार आणि मला पोरीच्या देखत तोंड उघडावं लागणार. डॉक्टरांकडून आल्यापासून घरात तिच्या उंचीचा विषय कुणीच काढला नव्हता.

तित्सियानो पुढे गेला, नोएमीशेजारी भिंतीला पाठ लावून उभा राहिला.

"नाही बाई, ही एवढीच राहणार आहे," तो म्हणाला. "तुम्ही माप घ्या."