गच्चीवरची पेटी

जगातल्या मधमाश्या कमी होताहेत, आपण निदान एक पेटी तरी सांभाळू, म्हणून रिटायर झाल्यावर अच्युतरावांनी इंदूरच्या घराच्या गच्चीवर मधमाश्या पाळल्या. महिनाभरातच त्या निम्म्या झाल्या. सकाळी उडालेल्या परतायच्याच नाहीत. गुलाबांवर औषध मारतात म्हणून अच्युतराव शेजाऱ्यांशी भांडले, मोबाइलच्या टॉवरविरुद्ध अर्जही देऊन झाला.

रविवारी ते नेहमीसारखे कोपऱ्यावर पोहे-जलेबी घ्यायला गेले. हलवाई जलेबीच्या चाशनीत झारा फिरवून मेलेल्या माश्या बाहेर काढत होता.

"क्या बताऊँ भिया," तो वैतागून म्हणाला, "इधर किसी ने मधुमक्खी पाल ली है. रोज झुंड की झुंड आके इसी में डूब मरती है."

घरी येताच अच्युतरावांनी पेटीच्या तोंडाला जाळी ठोकली. दुपारपर्यंत आतलं घोंघावणं खाली जिन्यात ऐकू यायला लागलं.

"बंद तर केलंत त्यांना," त्यांच्या पत्नी सरोजिनीबाई म्हणाल्या, "पण आता खातील काय?"

 

अच्युतरावांनी पातेल्यात साखर ओतली आणि चाशनी करायला ठेवली.